घरचं एस्प्रेसो मशीन: उद्यमनगरात उघडता येईल असंच

उन्हाळा: यादी छाटताना

कोल्हापुरात बसून घरासाठी एस्प्रेसोचं (बारीक दळलेल्या कॉफीतून दाबाने गरम पाणी ढकलून काढलेली कडक कॉफी) मशीन शोधतोय, आणि ते उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, उघडता यावं अशी अट. यादीत आता चारच मशीन उरली आहेत. बाकीची कशी गळली ते आधी लिहितो, कारण नवीन शोधायला लागलेले बहुतेक जण त्याच ठिकाणी अडकतात.

पहिली चाळणी '१५ बार'ची. दुकानात कुठलंही खोकं उचला, त्यावर १५ बार, २० बार असं ठळक छापलेलं असतं. बार हे दाबाचं माप, आणि हा आकडा पंपाच्या ताकदीचा. पुढची वाट बंद केली तर पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकेल, एवढंच तो सांगतो. कॉफीच्या थरावर हवा असतो साधारण ९ बार. १५ बारचा व्हायब्रेशन पंप वाईट नाही, चांगल्या घरगुती मशीनमध्येही तोच असतो. विचारायचं ते हे की पंपापुढे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह आहे का आणि तो कितीवर लावलाय. दुकानदाराला हे विचारलं की तो शांतपणे पुन्हा खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतो.

दाबाचं अप्रूप तसं जुनंच. मिलानच्या बेझेराने १९०१ साली पेटंट घेतलं त्या मशीनमध्ये वाफेचाच काय तो दाब, दीड बारच्या आसपास. त्या कॉफीवर आजच्यासारखा क्रेमा, म्हणजे वरचा तांबूस फेस, नसायचा. अकिले गाज्जियाचं पहिलं पेटंट १९३८ चं, आणि युद्ध संपल्यावर त्याची स्प्रिंग-लिव्हरवाली मशीन बाजारात आली. हाताने दांडा खाली ओढायचा, मग स्प्रिंग पाणी ढकलणार. क्रेमा तिथून सुरू झाला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई-६१ ने दांड्याचं काम मोटरवरच्या पंपाला दिलं. म्हणजे दाब मिळणं हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच सुटलाय. घरच्या मशीनची खरी पंचाईत तापमान आणि दळण यांची.

दुसरी चाळणी बास्केटची, म्हणजे दळलेली कॉफी भरायच्या गाळणीची. स्वस्त मशीनसोबत दुहेरी तळाची, खाली एकच बारीक भोक असलेली बास्केट येते. दळण कसंही असो, त्या भोकातून पिचकारी निघते आणि वर फेस दिसतो. पाहुण्यांना दाखवायला ठीक. पण दळण बदलल्यावर कपात काय बदललं हे त्यात नीट कळतच नाही, म्हणजे शिकणं खुंटलं. साधी एकेरी बास्केट ज्यात बसत नाही ते मशीन यादीतून बाद.

तिसरी चाळणी सॉकेटची, आणि ही फारसं कुणी सांगत नाही. १४५० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सव्वासहा अँपियरपेक्षा जास्त ओढतं. आपल्या जुन्या घरांत ओट्यावर मिक्सरसाठी बसवलेला सॉकेट ६ अँपियरचा असतो. १६ अँपियरचा पॉइंट आणि व्यवस्थित अर्थिंग आधी करून घ्या, मग मशीन आणा. आणि अमेरिकेतून भाचा येताना स्वस्तात आणतोय म्हणाला तर त्याला चॉकलेटंच आणायला सांगा. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं असतं.

चौथी चाळणी दुरुस्तीची. शहरातल्या एका मोठ्या दुकानात टचस्क्रीनवालं, बटण दाबलं की सगळं करणारं मशीन पाहिलं. दिसायला एक नंबर. "बिघडलं तर?" "मुंबईला पाठवायला लागतंय, सर." "किती दिवस?" यावर तो नुसता हसला. तिथून बाहेर पडलो तेव्हाच मनात पक्कं झालं: ज्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने निघतं आणि आतला भाग सुटा मिळतो, तेच घ्यायचं. इंजिनं आणि कास्टिंगच्या गावात राहून मशीन खोक्यात घालून परगावी पाठवायचं, हे काही पटत नाही.

उरलेली चार: डेलॉन्घी डेडिका, ब्रेव्हिल बाम्बिनो, फ्लेअरचा हाताचा लिव्हर आणि गाज्जिया क्लासिक.

डेडिका १५ सेंटिमीटर रुंद, कुठल्याही ओट्यावर मावते. पण ५१ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा दांड्याचा भाग) आणि सोबत दुहेरी तळाची बास्केट, एकेरी वेगळी शोधावी लागते. बाम्बिनो काही सेकंदांत तापतं, वाफही चांगली. सकाळी घाई असणाऱ्याने डोळे झाकून घ्यावं. मात्र आत सगळा इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा कारभार. फ्लेअरला वीजच लागत नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. पाणी किटलीत उकळायचं, वर ओतायचं, दांडा दाबायचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने आपल्याकडे पाणी ९८ अंशांजवळच उकळतं आणि थंड धातूत पडलं की आणखी उतरतं. म्हणून वरचा भाग आधी नीट तापवून घ्यावा लागतो, निदान हलक्या भाजणीला तरी. एकट्याने काळी कॉफी पिणाऱ्याला माझा सल्ला फ्लेअरच. आमच्या घरी मात्र दूध आहे, आणि फ्लेअरला वाफेची नळी नाही.

आधी ग्राइंडर

मशीन ठरायच्या आधी ग्राइंडर घेतला. बजेटचा निम्मा भाग दळण्यावर घाला हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण १८ ग्रॅम दळणातून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढायची तर दळणात केसभर फरक करता आला पाहिजे. मिक्सरच्या पात्यांनी ते होत नाही. निम्मी पूड होते, निम्मी भरड. हाताने फिरवायचा, बर (पात्यांऐवजी दातेरी चक्की) असलेला, एका टिचकीला वीस-पंचवीस मायक्रॉन किंवा त्याहून कमी सरकणारा घ्या. हलक्या भाजणीच्या बिया दळताना दंड भरतात, तालमीत गेल्याचं समाधान फुकटात.

बियांच्या बाबतीत आपण नशीबवान. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी कर्नाटकातली, म्हणजे हायवेला लागून निपाणी ओलांडली की आपण कॉफीच्या राज्यात. आणि भारतीय कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इटली आहे. तिथल्या मिश्रणांमध्ये आपला रोबस्टा (कडक चवीची जात) आणि मान्सून्ड मलबार (पावसाळी वाऱ्यात मुरवलेली कॉफी) क्रेमासाठी वापरतात. असं असताना इकडे इटालियन नावाच्या डब्यातली, भाजल्याची तारीख नसलेली कॉफी महागात का घ्यायची? पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा, आठवडा-दहा दिवस मुरू द्या, मग दळा.

पावसाळा: मशीन घरी आलं, आणि दूध-पाणी

गाज्जिया क्लासिक घेतलं. जुनं, पुण्यातल्या एका गृहस्थांकडून. ते मोठ्या मशीनवर गेले होते. १९९१ पासून चालत आलेलं मॉडेल, ५८ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर म्हणजे कॅफेच्या मापाचाच. आत एक छोटा बॉयलर, पंप, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, चार-दोन वायरी. झाकणाचे स्क्रू काढले की सगळं समोर.

उणी बाजूही सांगतो. बॉयलर जेमतेम १०० मिलिलिटरचा आणि साधा थर्मोस्टॅट, त्यामुळे तापमान वरखाली होत राहतं. दिवा लागल्यावर लगेच शॉट (एका वेळची एस्प्रेसो) काढला तर एक चव, मिनिटभराने काढला तर दुसरी. दिव्याकडे बघून ठरावीक वेळेला बटण दाबायची सवय लावावी लागते. शिवाय कॉफी आणि वाफ एकाच बॉयलरवर. आधी शॉट, मग वाफेचं बटण, थांबा, मग दूध. चार पाहुणे आले की आपण ओट्यापाशीच अडकतो.

पाण्याचं लवकर मार्गी लावा. आमच्याकडे नळाला पंचगंगेचं पाणी, पण टाकीत बोअरचंही मिसळतं. मासे पाळणारे वापरतात तो थेंबांचा किट आणला आणि जडपणा मोजला. बोअरचा ३०० पीपीएमच्या घरात निघाला. असं पाणी एवढ्याशा बॉयलरमध्ये रोज उकळलं तर क्षार चिकटून बारीक व्हॉल्व्ह तुंबायला किती वेळ लागणार? दुसरं टोक आरओचं. त्यात क्षार जवळपास नसतात, कॉफी पचपचीत लागते, आणि क्षारच नसलेलं पाणी धातूलाही धार्जिणं नाही. तीन भाग आरओ, एक भाग बोअर असं मिसळतो. ७५ पीपीएमच्या आसपास बसतं. टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणाऱ्या) पेनवर विसंबू नका, तो जडपणा वेगळा दाखवत नाही. आणि तुमच्या बोअरचा आकडा माझ्यासारखाच असेल असं धरू नका, मोजा.

आता दूध. इथे परदेशी सल्ले आपल्या उपयोगाचे नाहीत, कारण ते सगळे गायीच्या साडेतीन टक्के फॅटच्या दुधाला धरून दिलेले असतात. आपल्या घरात म्हशीचं, सहा-सात टक्क्यांचं. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला 'टोन्ड घ्या' म्हणून कोण सांगणार?

म्हशीच्या दुधाचा फेस होतो, पण जड होतो. हवा धरून ठेवायचं काम मुख्यतः प्रथिनं करतात. फॅट चकाकी आणि गोडवा देतं, जास्त झालं तर फेस दाबून टाकतं. म्हणून हवा सुरुवातीलाच, दूध थंडगार असताना, थोडी जास्त घ्यायची आणि मग नुसता भोवरा फिरवत ठेवायचा. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रीजमधून थेट जगमध्ये. कट्ट्यावरचं कच्चं दूध वाफेवर तापवून भागत नाही, कारण वाफेने आपण ६०-६५ अंशांवर थांबतो. ते आधी उकळायचं, गार करायचं, साय काढायची, गाळायचं, मग जगमध्ये.

आणि त्या ६५ अंशांवरून घरात वाद. पहिला कॅपुचिनो आईला दिला. घोटभर पिऊन म्हणाली, "चांगला झालाय. गरम करून आण आता." उकळता चहा बशीत ओतून पिणाऱ्यांना ६५ अंश म्हणजे कोमटच. सत्तरीच्या वर नेलं की दुधाचा गोडवा जातो आणि उकळीचा वास येतो, हे मी समजावून सांगितलं. त्यावर तिने कप स्वतःच गॅसवर ठेवायची तयारी दाखवली. तडजोड अशी निघाली: कप आधी उकळत्या पाण्याने तापवायचा, आईचं दूध ६८ पर्यंत न्यायचं, आणि मिश्रणात रोबस्टा वाढवायचा, म्हणजे म्हशीच्या दुधातून कॉफी वर येते. निव्वळ अरेबिकाची (कॉफीची दुसरी, सौम्य जात) फळांची आंबूस चव या दुधात पार बुडते.

पावसाळ्यात दळणही हलतं. जून-जुलैच्या दमट हवेत तीच सेटिंग वेगळी वागते. बिया हवाबंद डब्यात ठेवा आणि लागतील तेवढ्याच मोजून दळा.

गणपतीनंतर: उद्यमनगर

मशीनसोबत प्लॅस्टिकचा टॅम्पर (बास्केटमधली पूड दाबायचा ठोकळा) आला होता, ५७ मिलिमीटरचाही भरत नव्हता. कडेला सैल पूड राहायची, तिथून पाणी पळायचं, शॉट पंधरा सेकंदांत संपायचा आणि आंबट लागायचा. बाहेरून मागवायचा तर बास्केटला नेमका बसेल याची खात्री नाही. बास्केट खिशात घातली आणि उद्यमनगर गाठलं.

ओळखीच्या टर्नरकाकांनी व्हर्नियर लावून बास्केट तीन जागी मोजली, उलटसुलट करून पाहिली. "कशाचा पिस्टन हाय ह्यो?"

"पिस्टन न्हवं काका, कॉफी दाबायचंय."

"मग येवढी फिटिंग कशाला?"

कडेने पाणी कसं निसटतं ते सांगितलं. निम्म्यावरच त्यांनी हात वर केला. "म्हंजे रिंगा गेलेल्या इंजिनागत. साइडनं प्रेशर पास व्हतंय."

पाणी असं वाट काढून पळतं त्याला चॅनेलिंग म्हणतात, आणि त्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठेही वाचलेलं नाही. त्यांनी ३०४ स्टेनलेसचा तुकडा लेथला लावला, तोंड सपाट केलं, व्यास ५८.४ मिलिमीटरवर आणला आणि कडेची धार बोथट केली, नाहीतर बास्केटला चरे पडले असते. मुठीला जुन्या कानशीची लाकडी मूठ बसवून दिली. वजन हाताला छान लागतं. बास्केटमध्ये सोडला की हवा दाबत सावकाश खाली जातो. पहिल्याच शॉटला वेळ २६ सेकंदांवर आला, दळण तेच ठेवून.

त्याच फेरीत ग्रुपचं (पोर्टाफिल्टर अडकवायच्या जागेचं) गॅस्केट बदललं. जुनं उष्णतेने दगड झालं होतं, टोच्याने तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. नवीन घेताना खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉनच मागा, साधं काळं रबर नको. गरम पाण्यात त्याचा वास उतरतो.

सध्या

१८ ग्रॅम आत, ३८ बाहेर, २८ सेकंद. मध्यम-गडद भाजणी, तीस टक्के रोबस्टा. काळी प्यायची तर हे मिश्रण मला थोडं कडक वाटतं, दुधात मात्र बरोबर.

पुढचं काम पीआयडी, म्हणजे तापमान स्थिर राखणारा कंट्रोलर. थर्मोस्टॅटच्या जागी सेन्सर आणि सॉलिड स्टेट रिले (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घालून बॉयलरचं तापमान एका जागी धरायचं. इथल्या फर्नेस आणि ओव्हनच्या पॅनेलमध्ये हीच पद्धत वापरतात, त्यामुळे कंट्रोलर गावातच मिळेल. अडचण जागेची आहे: रिले बॉयलरपासून लांब आणि वाफ लागणार नाही अशी बसवायची, आणि कंट्रोलरचा डबा बाहेर कुठे चिकटवायचा. क्लासिकवर हे काम केलेल्या कुणी रिले पाठीमागच्या पत्र्याला आतून लावला असेल तर पत्रा किती तापतो तेवढं कळवा. त्याशिवाय मी पत्र्याला भोक पाडणार नाही.