झेडडीएम-4ए : वाहक चाक एकदाचं रुळावर टिकलं

मंडळी, काल रात्री माझं झेडडीएम-4ए चं, म्हणजे छोट्या (नॅरोगेज) लाइनीवरच्या डिझेल इंजिनाचं, 1:87 मापाचं मॉडेल चार डबे घेऊन माझ्या मॉडेलमधल्या इतवारी यार्डातल्या सगळ्या सांध्यांवरून (गाडी रूळ बदलते त्या जागांवरून) गेलं आणि एकही चाक उतरलं नाही! सरळ, उलटं, हळू, जोरात, सगळं करून पाहिलं.

दुखणं तुम्हाला माहीत आहेच. झेडडीएम-4ए ची रचना 1बी-बी1, म्हणजे प्रत्येक बोगीच्या (इंजिनाखालच्या फिरत्या चाकगाड्याच्या) बाहेरच्या टोकाला एक बिनमोटरचा आस, तेच वाहक चाक; बाकीची मोटरवर फिरणारी ती चालक चाकं. काटो या मॉडेल कंपनीच्या एन गेज (9 मिमी रुळाच्या) चेसिसला बोगीमागे दोनच आस, म्हणून तिसरा पितळी पट्टीवर जोडला. पट्टी घट्ट केली की क्रॉसिंगवर चालक चाकं उचलायची आणि इंजिन जागेवरच घुरघुरायचं. सैल सोडली की वाहक चाक सांध्याच्या जिभेवर चढून बाहेर.

उत्तर सापडलं ते खऱ्या इंजिनाचा विचार करताना. तिथे हा जादा आस वजन वाटून घ्यायला दिलाय, कारण छोट्या लाइनीचे रूळ हलके. आपल्याला नेमकं उलटं हवं: त्याने वजन घ्यायचं नाही, नुसतं रुळाला टेकून राहायचं. मग आसाची भोकं कानशीने उभी लांबट केली, दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवली आणि वरून गिटारच्या पहिल्या तारेची स्प्रिंग बसवली. नागपुरात बर्डीवर वाद्यांच्या दुकानात ही तार सुटी मिळते. फॉस्फर ब्रॉन्झपेक्षा मला हीच आवडली, दिलेला बाक सोडत नाही. दाब अगदी हलका हवा. जास्त झाला की चढावर चाकं फिरत राहतात. चालक चाकांच्या बरोबर वर शिशाचे तुकडे चिकटवले आणि चढही सुटला.

बोगीच्या बाजू एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये छापून घेतल्या होत्या, त्या मे महिन्यात धनुष्यासारख्या वाकल्या. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं, आणि नागपूरच्या उन्हात पत्र्याखालची खोली काय तापते ते सांगायला नको. इथे पितळच घ्या.

रंगकामात नवीन काही नाही.

पुढचं काम इतवारीचा फलाट होतं, पण हे लिहिता लिहिताच मन नागभीडकडे वळलं. 2019 च्या नोव्हेंबरात आपली नागपूर-नागभीड छोटी लाइन बंद होईपर्यंत तिथे छोटी गाडी आणि गोंदिया-बल्लारशाची मोठी गाडी एकाच स्टेशनात भेटायची. तो देखावा करायलाच हवा. इतवारी मग गाड्या उभ्या करायचं यार्ड होईल, कुही-उमरेड मधला पल्ला.

अडचण मापाची. 762 मिमीला 87 ने भागलं की 8.76, म्हणून 9 मिमीचा तयार रूळ चालून जातो. ब्रॉडगेजचे 1676 मात्र 19.3 मिमी येतात आणि बाजारातला एचओ (1:87 मॉडेलांचा) रूळ 16.5 चा. एकटा असता तर खपला असता, नॅरोगेजच्या शेजारी डोळ्याला खुपेल. म्हणजे तेवढा रूळ हातानेच घालायचा. कुणाच्या ओळखीत लेथवर 19.3 चं गेज (रुळांमधलं अंतर मोजायचं साधन) करून देणारा असेल तर कळवा, स्लीपरच्या पट्ट्या मी आजच कापायला घेतो.