कोंबडीच्या पंखाची बोटं आणि कार्गोत अडकलेली कुपी

माझं काम कोंबडीच्या गर्भावर. अंडं उबवायला ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी पंखाचा कोंब दिसू लागतो. त्याच्या मागच्या कडेच्या पेशी सॉनिक हेजहॉग हे प्रथिन स्रवतात. कोंबातल्या पेशींना ते किती आणि किती वेळ मिळतं, यावर कुठलं बोट घडणार ते ठरतं. प्रथिन पॅच्ड या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की स्मूदंड या संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनावरचा लगाम सुटतो आणि ग्लाय-३ या जनुकं नियंत्रित करणाऱ्या प्रथिनाचे तुकडे पडायचे थांबतात. एरवी हेच तुकडे बोटांची जनुकं दाबून धरतात. कोंबाच्या पुढच्या कडेला सॉनिक हेजहॉगचं जनुक चालू केलं तर आरशातल्यासारखी जादा बोटं येतात, हे १९९३ मध्येच दिसलं होतं. मला मात्र शुद्ध प्रथिनात भिजवलेले मणी बसवून मात्रेचा परिणाम बघायचा होता.

अंडी हॅचरीतून मिळाली, मंजुऱ्याही वेळेत आल्या. घोडं अडलं ते प्रथिनापाशी.

परदेशातून कोरड्या बर्फात आलेली कुपी विमानतळावरच्या आयात-कार्गोत अडवली, कारण बिलावर ‘माउस’ असं लिहिलं होतं. प्राणिजन्य माल आहे, पशुविभागाचा दाखला आणा, म्हणाले. मी परोपरीनं सांगितलं की साहेब, उंदराचा फक्त जनुकक्रम घेतलाय, प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनलंय. पत्र द्या म्हणाले. दिलं, तर उत्पादकाच्या लेटरहेडवर हवं. तेही मागवलं, तर त्यावर शिक्का नाही. इकडे उणे ७८.५ अंशांचा बर्फ उडून चाललेला आणि पेटीत पुन्हा बर्फ भरायची जबाबदारी कुणीच घेईना. पार्सलच्या ठरल्या तारखेवरून उबवायला ठेवलेली अंडीही थांबणार नव्हती. कोंबडीच्या गर्भाच्या वाढीचे हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांनी ४६ टप्पे पाडलेत, त्यातल्या विसाव्याच्या आसपास मणी बसवावा लागतो. पुढे त्या पेशी संदेशाला दाद देईनाशा होतात. त्या सगळ्या तुकडीवर पाणी सोडावं लागलं. एका ओळीच्या खुलाशापायी जिवंत गर्भ वाया गेले, याचा राग अजून जात नाही.

म्हणून ऑर्डर देतानाच उत्पादकाकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या: जिवाणूत बनवलेलं, प्राणिजन्य नाही, संसर्गजन्य नाही, फक्त संशोधनासाठी. बर्फ कोण भरणार, हे क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या. कुपी हातात आल्याशिवाय अंडी उबवायला ठेवू नका. थंड जागी आठवडाभर राहतात.

वाट बघताना मी मागच्या कडेचा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पुढच्या कडेला बसवायचा सराव केला. सॉन्डर्स आणि गॅसेलिंग यांचा १९६८ चा हा प्रयोग. त्याला काहीच आयात करावं लागत नाही. हात बसला.

अखेर कुपी सुटली. दहाव्या दिवसाचे पंख अल्शियन ब्लू या कूर्चा रंगवणाऱ्या रंगानं रंगवले, तेव्हा कमी मात्रेच्या मण्यापाशी जादा दोन नंबरचं बोट होतं आणि जास्त मात्रेला तीन आणि चार नंबरचंही. मी सगळ्या लॅबला ओढत आणून दाखवलं.

अजून एक, गोठवून सुकवलेली पावडर मिळत असेल तर तीच घ्या. ती बहुधा साध्या तापमानातही पाठवता येते, म्हणजे बर्फाचा प्रश्नच नाही.