इको कॅम्परचा लॉग: डिसेंबरात घाट उतरायचा, मांडू उन्हाळ्यासाठी ठेवायचं

मंडळी, मारुती इको व्हॅन झोपता येईल अशी करतेय, तिचा बेड झाला, बॅटरी बसली, जाळ्या शिवून झाल्या आणि पहिल्या मोठ्या ट्रिपची जागाही ठरली. हनुवंतिया, इंदिरा सागर धरणाच्या पाण्याकाठी. डिसेंबरात, दोन रात्री, चोरल-बडवाह-सनावद करत. मांडू नाही. मांडूवरून घरात बराच काथ्याकूट झाला, नवऱ्याला मांडूच पाहिजे होतं आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही, पाऊस सरल्यावरचं मांडू बघून डोळे निवतात. पण मला आता पक्कं वाटायला लागलंय की इंदूरहून गाडीत झोपायला निघायचं असेल तर बघायचं काय हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न रात्री थंडी किती. झोप नीट झाली तर दुसऱ्या दिवशी काहीही बघता येतं, नाही झाली तर जहाज महालासमोरही माणूस जांभया देतो.

आपल्याकडे त्याचं उत्तर घाटात आहे. इंदूर साधारण ५५० मीटरवर, मांडू त्याहून वर, ६०० च्या पुढे. सिमरोल सोडून भेरूघाट उतरलात की माळव्याचं पठार संपलं आणि खालचं नर्मदाकाठचं निमाड सुरू. इंदिरा सागरचं पाणी पूर्ण भरतं तेव्हा त्याची पातळी २६२ मीटर असते, म्हणजे आपल्या घराच्या ओट्यापासून त्या काठापर्यंत जवळजवळ ३०० मीटरचा उतार. दर हजार मीटरला साडेसहा डिग्री हा ढोबळ हिशोब धरला तर नुसत्या उंचीमुळेच दोन डिग्रीच्या आसपास फरक पडतो, आणि एवढं मोठं पाणी दिवसभर तापलेलं असतं ते रात्री हळूहळू निवतं, त्यामुळे काठावरची हवा एकदम खाली जात नाही. डिसेंबरात इंदूरला रात्री १० डिग्री ही नेहमीची गोष्ट, कधी त्याच्याही खाली. पत्र्याच्या गाडीत दोन-तीन डिग्री म्हणजे एक रजई कमी का जास्त एवढा फरक.

आणि हेच गणित मे महिन्यात बरोबर उलटं करायचं. तेव्हा खरगोन-खंडवा ४३-४४ ला असतात, रात्रीसुद्धा जमीन वाफ टाकत असते, तेव्हा नर्मदाकाठी गाडी लावून झोपणं म्हणजे हाल. तेव्हा वर राहायचं, मांडूला नाहीतर जानापावच्या डोंगराच्या बाजूला. आपले जुने लोक शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणायचे ते उगाच नाही, उन्हाळ्यातसुद्धा दहा वाजल्यानंतर माळव्यावर वारा सुटतो. म्हणून मांडू कॅन्सल नाही, एप्रिल अखेरीला आहे, नवऱ्याला तसं कबूल केलंय.

एक मात्र लक्षात ठेवा, खाली जायचं म्हणजे ओढ्याच्या खोलगटात गाडी लावायची असं नाही. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि खोलगट जागेत साचते, चोरलच्या नदीपात्राजवळ पहाटे जे धुकं दिसतं ते त्याचंच. काठापासून थोडं वर, सपाट, मागे झाडी असलेली जागा बघायची. आणि पावसाळ्यात तर पात्राच्या जवळपाससुद्धा नको. २०११ ला पातालपाणीच्या धबधब्यात अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली ते इंदूरमध्ये कोणी विसरलेलं नाही. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली ऊन असताना लोंढा येतो.

आता गाडीचं सांगते.

इकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे वापरणाऱ्यांना माहीत आहेच. कॅम्परसाठी त्याचा फायदा असा की मागे फ्लोअर मोकळा मिळतो, आणि तोटा असा की घाट चढून आलात की पुढचा भाग बराच वेळ गरम राहतो. म्हणून डोकं मागे, पाय पुढे. बॅटरीपण मागे, डिक्कीजवळ डाव्या कोपऱ्यात, कारण लिथियमला उष्णता सोसत नाही.

बेडची फ्रेम एक इंची चौकोनी पाइपची, वर १२ मिलीमीटरचा प्लाय तीन तुकड्यांत. तीन तुकडे यासाठी की मधला उचलला की खालचं सामान निघतं, आणि पुढचा उभा केला की त्याचंच टेबल होतं. मिस्त्रीकाका म्हणाले, "बेटा, एकच अखंड पाट टाकू, मजबूत राहील", पण अखंड पाट एकट्या बाईला गाडीतून काढता येत नाही आणि मला ही गाडी आठवड्यात बाकी दिवस दुकानाच्या मालासाठीच लागते. सगळं चार विंगनटवर आहे. गाडीच्या बॉडीला एकही भोक पाडलेलं नाही, सीटचा एकही बोल्ट काढलेला नाही.

हे मुद्दाम सांगतेय कारण मेसेजमध्ये बरेच जण सीट काढण्याबद्दल विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि सीटची संख्या आरसीवर लिहिलेली असते. पूर्ण मोटर कॅरव्हॅन करायची तर त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे, तो मोठ्या गाडीचा आणि मोठ्या खर्चाचा मामला. आपण सामान ठेवतोय, सामान काढतोय, एवढ्यात राहिलं की इन्शुरन्सच्या वेळी कोणाला तोंड द्यावं लागत नाही.

सगळ्यात जास्त जीव मी हवेवर ओतलाय. बंद गाडीत दोन माणसं आठ तास झोपली तर श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या वर पाणी हवेत जातं, ते सगळं थंड काचेवर आणि पत्र्यावर जमतं आणि पहाटे मानेवर ठिबकायला लागतं. त्यामुळे थंडी आहे म्हणून काचा लावून घ्यायच्या नाहीत, हवा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला एक वाट पाहिजेच. आत येण्यासाठी पुढच्या दोन्ही काचा चार बोटं खाली, दारावर वरून चढवायची जाळी, अगदी उशीच्या अभ्र्यासारखी शिवलेली. बाहेर जाण्यासाठी डिक्कीचा दरवाजा थोडा उघडा पण लॉक झालेला राहावा म्हणून लोखंडी पट्टीचा हुक करून घेतला. एका टोकाला मूळ लॉक अडकतं, दुसरं टोक बॉडीकडच्या कडीत. वेल्डिंगवाल्या भियाने कडा घासून गोल करून दिल्या आणि वर रबरी नळी चढवली, त्यामुळे खडखड वाजत नाही. त्या फटीत १२ व्होल्टचा छोटा पंखा, तोंड बाहेर. अंगणात झोपून बघितलं, सकाळी काच हाताने पुसली तर बोट कोरडं.

काचांची झाकणं रविवारी दुपारी बसून केली. आधी जुन्या वर्तमानपत्राचा कागद काचेवर आतून चिकटवायचा, रबराच्या कडेने नखाने दाबत जायचं म्हणजे वळ उमटतो, त्या वळावर कापायचं, मग तो कागद दहा मिलीच्या चांदीवाल्या फोम शीटवर ठेवून चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठं कापायचं. तो अर्धा सेंटीमीटर महत्त्वाचा, त्यामुळेच ते खटकन अडकून बसतं, ना टेप लागतो ना सक्शन कप. फोम सियागंज बाजारात मीटरवर मिळाला. लेकीने प्रत्येक तुकड्यावर मार्करने लिहून ठेवलंय, ड्रायव्हर, आई, डिक्की वगैरे, त्यामुळे अंधारातही शोधाशोध होत नाही.

बॅटरीबद्दल. बरेच जण डोळे झाकून १०० एएच (अँपिअर-अवर) घेतात, मी आधी वहीत मांडलं. एलईडी पट्टी ५ वॅट, पाच तास, २५ वॅट-अवर. दोन पंखे मिळून १२ वॅट, नऊ तास, १०८. दोन फोन आणि एक टॉर्च मिळून ४० धरू. झाले १७५ च्या आसपास. १२.८ व्होल्ट ५० एएच लिथियम फॉस्फेट म्हणजे ६४०, म्हणजे तीन रात्री आरामात. म्हणून ५० वरच थांबले. फ्रिजने हे गणित पार बदलतं. छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना ४५ वॅट खातो आणि दिवसाचा तिसरा हिस्सा तरी चालू राहतो, म्हणजे ३६० तिथेच गेले, मग बॅटरी दुप्पट, मग सोलर, मग छतावर स्टँड. दोन रात्रींसाठी बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या आइसबॉक्समध्ये पुरतात, वितळलं की तेच प्यायला. वायर ६ स्क्वेअर मिलीमीटरची आहे आणि ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून लावलाय. फ्यूज पुढे डॅशबोर्डजवळ लावणारे भेटतात, त्यांनी कृपा करून आजच बदला, मधली सगळी वायर घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काहीही वाचवत नाही.

स्वयंपाक गाडीबाहेर, कितीही थंडी असो. शेगडी, सिगडी, गॅस, मेणबत्ती, आत काहीही पेटवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. रात्री कुकरची खिचडी आणि घरून नेलेलं लोणचं. सकाळी पोहे, आणि इंदूरचे पोहे म्हणजे वाफेवर गरम राहिलेलेच पाहिजेत, म्हणून पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीत पोहे असा जुगाड बसवलाय, खालच्या पाण्याचाच नंतर चहा. जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेव वेगळ्या डब्यात. दाल-बाफले या ट्रिपला नाहीत, त्याला गोवऱ्या आणि सवडीची दुपार लागते.

आता हनुवंतियाच का. तिथे एमपी टुरिझमचा रिसॉर्ट आहे, बोट क्लब आहे आणि २०१६ पासून जल महोत्सव भरतो तेव्हा काठावर तंबूंचं गावच उभं राहतं, आत पलंग, अटॅच बाथरूम, सगळं. आमच्याबरोबर सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, त्यांना गाडीत झोपवण्यात काही अर्थ नाही. दीर-जाऊबाई आणि आई (म्हणजे सासूबाईच) पक्क्या छताखाली, आम्ही तिघं रिसॉर्टला आधी फोन करून त्यांच्या आवारात गाडीत, असा बेत आहे. आणि बायकांनो, टॉयलेटचा प्रश्न आधी विचारायला अजिबात लाजू नका. माझ्या वहीत जागेच्या नावापुढे पहिला रकाना तोच आहे, रात्री दिवा असतो का, कडी आतून लागते का, किती पावलं चालावं लागतं. कितीतरी सुंदर जागा मी या एका रकान्यावर बाद केल्यात. जंगलात परवानगीशिवाय मुक्काम नाहीच, चोरल-महू पट्ट्यात बिबटे आहेत आणि जागा वन खात्याची आहे.

आणखी एक कारण आहे. लोक तिथे जाऊन "एमपीचा समुद्र" म्हणून फोटो काढतात, पण त्या पाण्याखाली गावं आहेत. पुनासाला इंदिरा सागरचं ९२ मीटर उंच धरण झालं, १००० मेगावॅटची वीज झाली, आणि २००४ च्या पावसाळ्यात अख्खं हरसूद शहर उठलं. माणसांनी आपल्याच घरांच्या चौकटी काढून ट्रॅक्टरवर घातल्या. आईंची एक मैत्रीण हरसूदची, ती नंतर छनेराला, नव्या हरसूदला गेली. आईंनी स्वतःहून सांगितलं की लेकीला तिथे काठावर बसवून हे सगळं सांगायचंय. मला वाटतं जिथे दोन रात्री राहायचं तिथलं एवढं तरी मुलांना माहीत असावं.

रस्ता एकूण १३० किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघायचं, कारण भेरूघाटात ट्रक अडकला की सगळं ठप्प. उतरताना दुसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात. पाण्याचे कॅन मी बेडखाली पुढच्या बाजूला ठेवते, वजन खाली आणि मधे राहिलं की वळणावर गाडी डुलत नाही. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा ओलांडली की आई हात जोडणार, तिथे पाच मिनिटं धरलीच आहेत. परतताना कालाकुंडचा कलाकंद घ्यायचा होता पण ते स्टेशन मेन रोडवर नाही, त्यासाठी पातालपाणीहून हेरिटेज ट्रेनने वेगळं जायला पाहिजे, ते नंतर कधीतरी.

बाकी राहिलंय ते असं. डिक्कीवर बांधायची ताडपत्री, म्हणजे मागे उभं राहून कपडे बदलायला आडोसा होईल, तिला बांबू लावावा का अॅल्युमिनियमचा पाइप हे ठरत नाहीये, काठावर वारा असतो त्यामुळे ज्यांनी हनुवंतिया किंवा गांधी सागरला ताडपत्री बांधलीय त्यांनी खुंट्या किती लांबीच्या वापरल्या ते नक्की सांगा. मेमरीवाला थर्मामीटर घेतलाय, एक गाडीच्या आत आणि एक बाहेर आरशाला टांगणार, घरी अंगणातही एक ठेवून जाणार, त्याच रात्रीचे इंदूर आणि हनुवंतियाचे आकडे शेजारी शेजारी टाकते इथे आल्यावर. हुकाची मापं ज्यांना हवी आहेत त्यांच्यासाठी: पट्टी २५ बाय ५ मिलीमीटर, लांबी साडेसात इंच, दोन्ही टोकांची भोकं आपल्या गाडीचं लॉक मोजूनच पाडा.