केळीच्या धाग्याची ताकद एका आकड्यात का सांगता येत नाही

घड उतरला की केळीचे खोड शेतकऱ्याला ओझे वाटू लागते. केळ एकदाच निसवते, त्यामुळे पिलबागेसाठी, म्हणजे त्याच बुंध्यापासूनच्या पुढच्या पिकासाठी, जोमदार पील (कोंब) राखून मूळ खोड कापावेच लागते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु रावेर-यावल भागात तिची खोडे आजही बांधावर आणि नाल्याच्या काठाला कुजताना दिसतात. या खोडाच्या सोपटांतून, म्हणजे एकावर एक असलेल्या थरांतून, निघणारा धागा हा गेली काही वर्षे माझ्या संशोधनाचा विषय आहे. धागा काढण्याचे यंत्र घ्यावे की नाही या विचारात असलेल्या रावेरकडच्या एका आप्पांनी मध्यंतरी मला विचारले की, हा धागा नेमका किती ताण सोसतो. मी त्यांना एका आकड्यात उत्तर दिले नाही. त्याचे कारण येथे सविस्तर लिहितो.

एका धाग्याची चाचणी घेताना आम्ही तो कागदाच्या चौकटीवर चिकटवतो, चौकट यंत्राच्या जबड्यांत धरतो, तिच्या दोन्ही बाजू कापतो आणि धागा तुटेपर्यंत ताण वाढवत नेतो. एकाच खोडातून एकाच दिवशी काढलेले दोन धागे घेतले, तरी पुष्कळदा एक धागा दुसऱ्याच्या दुप्पट ताण सोसतो. नव्या विद्यार्थ्यांना ही आपली चूक वाटते, पण चूक त्यांची नसते. केळीचा धागा म्हणजे पेशींची जुडी असते. तिच्या आत पोकळ्या असतात, तिचा छेद गोल नसतो, जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत जाते, आणि सोपट यंत्राच्या पात्यांखालून ओढले जाताना काही ठिकाणी इजाही होते. धागा तुटतो तो त्याच्या सर्वांत कच्च्या जागी, आणि धागा जितका लांब तितकी अशी जागा त्यात असण्याची शक्यता अधिक.

स्वीडनचे अभियंते वालोडी वायबुल यांनी १९३९ मध्ये या विचाराला संख्याशास्त्रीय रूप दिले. त्यांच्या सूत्रातील एक मापांक ताकदीचे आकडे किती विखुरलेले आहेत ते सांगतो. मापांक जितका लहान, तितकी विखुरणी मोठी. मापांक ३ असेल, तर धाग्याची लांबी दुप्पट करताच सरासरी ताकद सुमारे ७९ टक्क्यांवर येते. तो २० असेल, तर सुमारे ९७ टक्के ताकद टिकते. नैसर्गिक धाग्यांचा मापांक बहुधा लहानच असतो. म्हणून चाचणीची लांबी न सांगता दिलेला ताकदीचा आकडा, तो कितीही मोठा असला तरी, मी आधारासाठी घेत नाही.

ताठपणाच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. केळीच्या धाग्यातील सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू धाग्याच्या अक्षाशी जेमतेम ११ अंशांचा कोन करतात. नारळाच्या काथ्यात हा कोन बराच मोठा असल्याने काथ्या खूप ताणला जातो. केळीच्या धाग्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.३५ ग्रॅम, तर प्लास्टिकला बळकटी देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या धाग्याची सुमारे २.५ ग्रॅम भरते. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर ताठपणातील अंतर बरेच कमी होते. ताकदीतील मात्र मिटत नाही. त्यामुळे दाराची फळी, वाहनाच्या आतले अस्तर किंवा वेष्टनाचे खोके यांसाठी हा धागा मला योग्य वाटतो, आणि काचेच्या धाग्याची जागा तो सर्वत्र घेईल असा दावा करणे मी टाळतो.

खरी अडचण पाण्याची आहे. फळी करताना हा धागा रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट पदार्थात, बसवावा लागतो. धाग्यातील सेल्युलोज पाणी धरून ठेवते, रेझिन पाण्याला दूर सारते. मग दोघांची पकड नीट बसत नाही आणि ताण पडताच धागा रेझिनमधून सुटून येतो. धाब्याच्या घरासाठी माती तुडवताना आमचे आजोबा तिच्यात गव्हाचा भुसा घालत, आणि वाळताना पडणाऱ्या भेगा तो भुसा धरून ठेवत असे. तेथेही सारे काम पकडीचेच होते. आम्ही धागे कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवतो, त्यामुळे वरचा मेणचट थर जाऊन पृष्ठभाग खरबरीत होतो. द्रावण तीव्र झाले तर धागाच दुबळा होतो, आणि धुतल्यानंतरचे पाणी उदासीन केल्याशिवाय सोडता येत नाही. हा खर्च हिशेबात धरल्याशिवाय या पदार्थाला पर्यावरणस्नेही म्हणणे मला पटत नाही. हवेतील ओलाव्याचाही परिणाम होतो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घेतलेल्या चाचण्या आणि ऑगस्टमधल्या चाचण्या आम्ही एकाच सरासरीत मिसळत नाही.

आप्पांना मी सांगितले की दोरासाठी हा धागा आजही चालेल, पण फळ्यांसाठी कारखान्याला विकायचा असेल तर आधी त्याची प्रतवारी करावी लागेल. बाहेरच्या आणि आतल्या सोपटांचा धागा सारखा नसतो, आणि कापल्यानंतर खोड किती दिवस पडून राहिले यानेही फरक पडतो. पुढच्या तोडणीची चार खोडे ते पाठवणार आहेत. सोपटे वेगवेगळी बांधून प्रत्येक जुडीवर कापल्याची तारीख लिहायचे त्यांनी मान्य केले आहे.