आडात आहे, पोहऱ्यात येत नाही

साठी ओलांडलेल्या मराठी नवराबायकोचं बोलणं तिऱ्हाइताने ऐकलं, तर हे दोघं काही सांकेतिक भाषा वापरतात की काय असं त्याला वाटेल. "अगं, ते हे कुठं ठेवलंस?" "त्या ह्याच्यावर बघा ना." "तिथं नाहीये." "मग परवा तो आला होता ना, हा... त्याने नेलं असेल." अख्ख्या संवादात एक नाम नाही, पण अडत काहीच नाही. पक्कड सापडते. फ्रिजवरच असते. मराठी घरांना 'हे'ची सवय तशी जुनीच. आमच्या आज्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं, बाकीचा सगळा संसार 'हे'वर निभावला. उतारवयात त्याच 'हे'च्या गळ्यात पक्कड, फ्रिज, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आणि जुन्या सिनेमातला नट अशी जास्तीची कामं पडतात, इतकंच.

वय वाढलं की शब्द कमी होतात, अशी एक सरसकट समजूत आहे. ती खरी नाही. शब्दांचे अर्थ विचारणाऱ्या चाचण्यांमध्ये साठीतली माणसं विशीतल्यांना सहसा मागे टाकतात. शब्दकोडं सोडवताना कॉलेजातली नात आजोबांना विचारते ती उगाच नाही. अडतं ते शब्द बाहेर काढताना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे गाडं नेमकं उलटं आहे. आडाला भरपूर पाणी, पोहरा तेवढा रिकामा वर येतो.

असं का होतं, याची एक उपपत्ती डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. शब्द अडला की तो रोजनिशीत टिपून ठेवा, असं त्यांनी तरुणांना आणि वृद्धांना सांगितलं होतं. वृद्धांच्या नोंदी अर्थातच जास्त निघाल्या, आणि त्यांत ओळखीच्या माणसांची नावं पुष्कळ. या संशोधकांचं म्हणणं असं, की शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा आवाज मेंदूत वेगवेगळे राहतात. अर्थाकडे चहूबाजूंनी वाटा येतात, आवाजाकडे जाणारी वाट मात्र अरुंद असते. वयाने आणि न वापरल्याने ती आणखी क्षीण होते.

सोऱ्या घ्या. चकली, भाजणी, ते जड पितळी नळकांडं, दांडा फिरवून फिरवून भरून आलेला हात, सगळं लख्ख आठवतं. अडतात ती दोन अक्षरं. कारण सोऱ्या दिवाळीला एकदा निघतो, आणि हल्ली तर चकल्या विकतच येतात. 'पोळपाट' शब्द अडलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. तांदूळ धुवायची रोवळी मात्र घरातून गेली, आणि तिच्यामागोमाग तिचं नावही जिभेवरून उतरायला लागलं.

माणसांच्या नावांचं दुखणं याहून मोठं. १९८७ मधल्या एका इंग्लिश प्रयोगात अनोळखी चेहरे दाखवून कोणाचं आडनाव बेकर सांगितलं आणि कोणाचा धंदा पाववाल्याचा, म्हणजे इंग्रजीत पुन्हा बेकरच. उच्चार एकच, पण धंदा लोकांच्या लक्षात राहिला आणि आडनाव सुटलं. आपल्याकडे तर सुतार, सोनार, लोहार अशी आडनावं ढीगभर. सुतारकाम करणारा माणूस रंधा, भुसा आणि लाकडाचा वास घेऊन डोक्यात शिरतो. सुतार आडनावाचे बँकेतले साहेब काहीच घेऊन येत नाहीत. लग्नाच्या मांडवात "ओळखलंत का?" असं विचारणाऱ्यांना कोणीतरी हे समजावून सांगायला हवं. चेहरा ओळखलेला असतो हो, तुमचं गाव, तुमच्या धाकट्याचं इंजिनिअरिंग, तुमची बायपास, सगळं ठाऊक असतं!

मग आपण बाराखडी लावतो. "'म'वरून आहे बघ, तीन अक्षरी." ही बढाई नव्हे. १९६६ मध्ये हार्वर्डमध्ये ब्राऊन आणि मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. ज्यांचा शब्द जिभेवर येऊन अडला, त्यांनी निम्म्याहून अधिक वेळा त्याचं पहिलं अक्षर बरोबर सांगितलं. पुढे लीस अब्राम्स आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधल्या कामातून दिसलं, की नुसतं पहिलं व्यंजन सुचवून अडलेला शब्द सुटत नाही, स्वरासकट पहिला उच्चार कानावर पडला तर सुटतो. म्हणजे 'म'वर अडून बसण्यात अर्थ नाही, मा, मि, मी, मु असं चालत राहावं. पहाटे फिरायला जाणारे पेन्शनर बाकावर बसून हेच करत असतात, तेही कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीवाचून.

यात एक खोडी आहे. कधी कधी भलतंच नाव दारात ठाण मांडून बसतं आणि हव्या त्या नावाला आत येऊ देत नाही. अशा वेळी विषय बदलावा. चहा मागवावा. दुपारी आंघोळीनंतर केस पुसताना ते नाव आपोआप येतं.

घरच्यांना मात्र लगेच डिमेन्शियाची शंका येते. मुलगी फोनवर हळूच आईला विचारते, "बाबा ठीक आहेत ना?" नाव सांगितल्यावर "हो हो, तेच!" म्हणून बाबा मांडीवर थाप मारत असतील, तर शब्द जागेवर आहे. पक्कड हा शब्द न आठवणं वेगळं आणि पक्कड हातात घेऊन हिचं काय करायचं ते न कळणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत डॉक्टर गाठावा. तिथेही एक गंमत आहे. बॉस्टन नेमिंग टेस्ट या प्रसिद्ध चाचणीत ६० चित्रं ओळखायची असतात. सुरुवात पलंगापासून, मग हळूहळू अवघड. त्यात बीव्हर हा परदेशी प्राणी आहे, प्रेट्झेल हा वेटोळं घातलेला खारा पदार्थ आहे. आमच्या सांगलीच्या मावशींपुढे प्रेट्झेल धरलं, तर त्या चकली बिघडली म्हणतील. त्यात मेंदूचा काय दोष?

कॅनडात २००८ मध्ये कॅरिन हम्फ्रीज आणि एमी बेथ वॉरिनर यांनी एक नावडती गोष्ट दाखवून दिली. अडलेल्या शब्दाशी जास्त वेळ झुंजलं, तर तोच शब्द पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. मेंदू शब्दाऐवजी अडणंच शिकतो. म्हणजे शहाणपण असं, की आठवेना तर चटकन विचारून मोकळं व्हावं. मला हे पटतं, पण आवडत नाही. बाकावरच्या चौघांनी मिळून पाऊण तास एका नटाचं नाव शोधणं, त्यात त्याची बायको, त्याचा भाऊ आणि तो सिनेमा लागलेलं थिएटर सापडणं, हे मोबाइलमध्ये बघून संपवायचं? पडेल तो शब्द पुन्हा अडून. पाऊण तास तर बरा गेला.

शिवाय बाराखडीलाही वयोमर्यादा आहेच. अब्राम्स यांच्याच आधीच्या एका प्रयोगात साठीतल्यांना पहिल्या उच्चाराचा उपयोग झाला, सत्तरी बरीच ओलांडलेल्यांना तो तितकासा झाला नाही. त्या वयात शेजारच्याने नाव सरळ सांगून टाकावं. शेजारीही त्याच वयाचा निघाला, तर नातवाला हाक मारावी. त्याचं नाव आठवेपर्यंत "अरे ए, इकडे ये" चालतं.