खोकड आणि हॅरियर: सुपे ते कडबनवाडी, दीड दिवसाची फेरी

जानेवारीत सुप्याच्या माळावर सूर्य सात-सव्वासातला वर येतो आणि साडेनऊपर्यंत जमीन तापून हवा थरथरायला लागते. फोटोसाठी सकाळी मिळतात ते हे सव्वादोन तास. म्हणून हडपसर साडेचारला सोडायचं. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत, तिथून उजवीकडे सुप्याकडे. चहा चौफुल्यालाच उरकायचा, कारण पुढे मनासारखं काही उघडं नसतं.

आधी नावाचा घोळ. गावात ‘कोल्हा दिसला का?’ विचारलं तर हो म्हणतील, पण तो कोल्हाच असेल. आपल्याला हवं आहे ते खोकड: जेमतेम दोन ते चार किलोचं, मांजरापेक्षा थोडं मोठं, राखाडी, बारीक पायांचं आणि शेपटीचं टोक काळंभोर. कोल्हा त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा. लांबून अंदाज येत नसेल तर शेपूट बघा. खोकडाची शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब आणि झुबकेदार असते, पळताना मागे आडवी तरंगते.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य एवढंसं, सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. 1997 साली ते मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालं आणि बहुतेक गाड्या चिंकारा बघून परत फिरतात. शिकारी पक्ष्यांसाठी मात्र इथली सकाळ सोडू नये. वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर कापशी, तारेवर खरुची, बांधावर तिसा, असं अर्ध्या तासात जमून जातं. ऊन वर आलं की सापमार गरुड एका जागी पंख फडफडवत, पाय लोंबकळत ठेवून खाली बघत राहतो. एवढा मोठा पक्षी हवेत असा थांबलेला दिसला की दुसरी शंका घ्यायचं कारण नाही.

दुपार भिगवणला. मासळीची थाळी खायची आणि डोळे मिटायचे. उजनीच्या पाण्यावर दलदली हॅरियर (हॅरियर म्हणजे भोवत्या, गवतालगत उडणारा शिकारी पक्षी) आणि मासे धरणारा कैकर दिसतो, पण होडीचा बेत वेगळ्या दिवशी ठेवा. फ्लेमिंगोंच्या नादात संध्याकाळचा माळ हातचा जातो.

संध्याकाळ आणि दुसरी सकाळ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला. इथे वन विभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. नोंदणी आधी ऑनलाइन करायची, सोबत स्थानिक गाइड असतो. गाइड ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, त्याला वाट सोडून गाडी घालायला लावायची नाही. चाकाखाली गेलेल्या गवतात धाविक पक्ष्याची अंडी असू शकतात, खोकडाची बिळंही असतात. शिवाय बाभळीचे काटे. निघण्याआधी स्टेपनीतली हवा बघा, ट्यूबलेसचं पंक्चर किट जवळ असू द्या.

खोकड बघायचं ते गाडीतूनच. गाडीला ते सरावलेलं असतं, दोन पायांवर उभ्या माणसाला नाही. दार उघडल्याचा नुसता आवाज झाला तरी संपलं. दिसल्यावर सरळ त्याच्या रोखाने जायचं नाही. वाट न सोडता, बाजूने निघून जातोय असं दाखवत तिरकं जायचं, वीस-पंचवीस मीटर पुढे सरकलं की थांबायचं, इंजिन बंद, दोन मिनिटं काही करायचं नाही. ते परत उंदीर, भुंगे नाहीतर पडलेली बोरं शोधायला लागलं, की पुढचा टप्पा. कान ताठ करून टक लावून बघत राहिलं तर तुम्ही जास्तच जवळ आलात. तिथेच राहा किंवा मागे या.

तीस मीटर पुरे होतात. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 500 मिलिमीटर लेन्स असेल तर तीस मीटरवर चौकटीची रुंदी सव्वादोन मीटरला थोडी कमी भरते आणि शेपटीसकट खोकड पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे चौकटीचा तिसरा हिस्सा खोकड, बाकी गवत. माळावरच्या प्राण्याचा फोटो असाच शोभतो. लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर तेच निम्म्याहून जास्त भरतं. त्याहून जवळ जायच्या हट्टापायी बहुतेक संधी वाया जातात.

पहिल्या उजेडात शटर 1/500, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ऑटोवर आणि त्याची मर्यादा 6400. गवताची पाती फोकस पळवतात, म्हणून प्राण्याचा डोळा ओळखणारा मोड फसला की लगेच एका बिंदूवर या. खोकड वळताना शेपूट झटकन वर उभी करतं; तेवढाच इशारा मिळतो, बोट तयार ठेवा. खिडकीवर बीनबॅग हवीच. दोन किलो मका भरा. थर्माकोलचे मणी भरलेली बॅग लेन्सखाली डुलते.

एक चूक हमखास होते आणि दोष लेन्सला मिळतो. पहाटेच्या थंडीत हीटर लावून आलेल्या गाडीची काच उघडली की आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते आणि प्रत्येक फोटो किंचित लोण्यासारखा मऊ येतो. शेवटची दहा-पंधरा मिनिटं हीटर बंद करून सगळ्या काचा खाली घ्या. कुडकुडायला होतं, कानटोपी आणा.

हॅरियरसाठी पाठलाग उपयोगाचा नाही. तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, गवताच्या दोन-तीन मीटर वरून, पंख उथळ व्ही आकारात धरून येतो. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घेऊन उभं राहायचं. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असला तर सकाळी दोन्ही आपोआप जुळतात, संध्याकाळी जुळत नाहीत. शटर 1/2000 पासून पुढे. नर फिका असल्याने निळ्या आकाशावर पांढरा फटफटीत होतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या. राखाडी नराच्या पंखावर मधोमध काळी पट्टी असेल तर मॉन्टेग्यू हॅरियर; पट्टी नाही, अंग पांढुरकं आणि टोकाला काळी पाचर असेल तर पॅलिड हॅरियर. माद्यांच्या बाबतीत घाईने नाव देऊ नका, फोटो घरी मोठा करून गळ्याभोवतीची पॅलिडची फिकी कॉलर शोधा.

सूर्यास्ताला हॅरियर गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात. त्या जागेपासून लांबच राहायचं. एकदा उठवले तर अंधारात दुसरी जागा शोधावी लागते. बसलेला गरुड किंवा ससाणा मात्र उडायचं आधी सांगतो: पुढे झुकतो, शीट टाकतो. तेव्हा 1/500 वरून 1/2000 वर यायला तीन-चार सेकंद मिळतात, ते दोन्ही आकडे कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या बटणांवर साठवून ठेवलेले बरे.

खोकडाच्या पिल्लांसाठी मार्च-एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत जोड्या जमतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं होतात आणि काही आठवड्यांनी बिळाच्या तोंडाशी खेळायला लागतात. तोपर्यंत हॅरियर परतीला लागलेले असतात, म्हणून एका फेरीत दोन्ही मिळवायचा आग्रह धरू नका. बिळापाशी वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही, आई आणि बीळ यांच्यामध्ये गाडी आणायची नाही, बॅटरीचा झोत नाही, फ्लॅश नाही, बिस्किटं-चिकन तर अजिबात नाही. त्रास झाला तर आई पिल्लं एकेक करून दुसऱ्या बिळात हलवते, आणि त्या उघड्या वाटेवर मोकाट कुत्री असतात. कुत्री पिल्लं मारतात, रेबीज आणि डिस्टेंपरही आणतात. माणसाच्या मागोमाग कुत्री माळावर येतात हे लक्षात घेऊन खाण्याचं एकही पाकीट मागे सोडू नका. आणि फोटो टाकण्याआधी फाइलमधलं जीपीएस काढा. ‘पुणे जिल्हा’ एवढं ठिकाण पुरतं.