फोनवर न दिसलेली गाठ

पहाटे तीनला जाग आली तेव्हा कपडे घामाने पाठीला चिकटले होते. हात इतके थरथरत होते की साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडेना. शेवटी दातांनी उघडलं. शुगर निघाली ५८. उशाशी ग्लुकोज पावडर असतेच. मोजून १५ ग्रॅम पाण्यात घालून प्यायले, १५ मिनिटं घड्याळाकडे बघत बसले आणि पुन्हा बोट टोचलं. ७६. अर्ध्या तासाने ९४ दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मला टाइप टू मधुमेह होऊन ९ वर्षं झाली. आधी नुसत्या गोळ्या होत्या, गेली ४ वर्षं झोपताना इन्सुलिनही घेते. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल आणि तीन महिन्यांनी प्रत्यक्ष तपासणी, असं आमचं ठरलेलं होतं. कॉल मी एकही चुकवला नाही. क्लिनिकमध्ये जाणं मात्र लागोपाठ दोनदा पुढे ढकललं. आकडे पाठवतेय, गोळ्या-इन्सुलिनचा डोस फोनवरच ठरतोय, मग तिथे जाऊन वेगळं काय होणार, असं मला मनापासून वाटत होतं.

आणि त्याच काळात साखर हाताबाहेर गेली. उपाशीपोटी आज ११८, तर उद्या २१०. जेवण तेच, चालणं तेच, झोपायची वेळही तीच. एचबीएवनसी ८.४ आलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण ती सरासरीच. रोजचे हेलकावे तिच्यात बुडून जातात. डॉक्टरांनी एकेका कॉलला डोस १८ युनिटचा २२ केला, मग २६, मग ३०. समोर आलेल्या आकड्यांवरून त्यांचं बरोबरच होतं. तरी साखर ऐकेना, आणि एका रात्री एकदम ५८ वर आली.

सकाळी मी कॉल मागून घेतला. मला वाटलं, डोस कमी करून मोकळ्या होतील. त्यांनी आधी विचारलं, "काल रात्री रोजच्यापेक्षा वेगळं काय केलंत?" जेवण नीट झालं होतं, चालणं जास्त नव्हतं. मग आठवलं, इंजेक्शन पोटावर न घेता मांडीत घेतलं होतं. एरवी कुठे घेता, असं विचारल्यावर मी म्हटलं, "नाभीच्या डावीकडे, नेहमीच. तिथे दुखत नाही." त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आज रात्री २४च युनिट घ्या, तेही मांडीतच. आणि उद्या इथे या. हे मला फोनवरून कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला आडवं झोपवलं आणि बोटांची टोकं पोटावरून हळूहळू फिरवत नेली. दिसायला काहीच नव्हतं. डावीकडे आल्यावर त्या थांबल्या, माझाच हात धरून तिथे ठेवला आणि म्हणाल्या, "दाबून बघा." कातडीखाली रबरासारखा, लिंबाएवढा फुगवटा होता. चार वर्षं मी रोज तिथे सुई टोचत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

एकाच जागी पुन्हा पुन्हा इन्सुलिन टोचलं की तिथली चरबी अशी वाढते. त्या भागात सुई कमी दुखते, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. पण तिथून इन्सुलिन रक्तात जातं ते बेभरवशाचं, एक दिवस बरंच, एक दिवस थोडंच. डोस वाढत गेला तो या गाठीमुळे. तोच ३० युनिटचा डोस मांडीच्या चांगल्या जागेत गेला आणि पूर्ण लागू पडला. म्हणूनच जागा बदलताना डोस कमी करावा लागतो, आणि तो आपल्या मनाने नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

सिस्टरांनी माझ्याकडून इन्सुलिनचं पेन वापरून घेतलं. मी एकच सुई चार-पाच दिवस वापरत होते, बटण दाबलं की लगेच बाहेर काढत होते. आता दर वेळी नवी सुई, बटण दाबून दहा आकडे मोजायचे, आणि कालच्या जागेपासून निदान बोटभर लांब. त्याच भेटीत पावलांना बारीक दोरा लावून स्पर्श कळतो का ते पाहिलं, मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला दिलं, बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा पाहायची वेळ ठरवली. हे सगळं मी दोनदा पुढे ढकललं होतं, याचं तिथे बसल्या बसल्या फार वाईट वाटलं.

पुढचे पंधरा दिवस मात्र फोननेच सांभाळले. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला होता, त्याचा आलेख डॉक्टरांना तिकडे दिसायचा. एकदा रात्री ६२चा इशारा वाजला. मी घाबरून उठले, बोटातून पाहिलं तर ११०. त्याच कुशीवर झोपले होते, सेन्सर दबला की तो खोटा कमी आकडा दाखवू शकतो. शिवाय तो साखर रक्तात नाही, पेशींभोवतीच्या द्रवात मोजतो, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटं मागेच असतो. हे कळल्यापासून जिवाला पटलं नाही की मी बोट टोचून खात्री करते.

आकड्यांच्या वहीत आता 'जागा' असा एक रकाना वाढला आहे. कॉलवर डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतात. पहिल्या आठवड्यात साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहिली तो वेळ ५८ टक्के होता, दुसऱ्यात ७४. डोस उतरत २० वर आला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१.

ती तपासणी मी पुढे ढकलली नाही. सिस्टरांनी पुन्हा पोटावरून बोटं फिरवली. डावीकडचा फुगवटा आता त्यांनाही शोधावा लागला. अजून पुरता गेलेला नाही, म्हणून ती जागा सध्या मोकळीच ठेवायची आहे.